वाचकांचे प्रश्न : बुडता बुडता थांबलेली मोटार

प्रश्न : गेल्या तीस वर्षांत मी पुष्कळ भयपट पाहिले. रक्ताची थारोळी आणि एकाएकी पडद्यावर झेपावणारे चेहरे पाहून त्या क्षणी दचकायला होते. पण घरी येऊन पानावर बसेपर्यंत सारे विसरूनही जाते. ‘तुंबाड’ पाहिला तेव्हा मात्र चार दिवस मन थाऱ्यावर नव्हते. एखादाच भयपट असा मनात का ठाण मांडून बसतो?
– एक वाचक, कराड

उत्तर : दचकणे हा शरीराचा धर्म आहे. भांडे पडले की तान्हे मूलही दचकते आणि क्षणात शांत होते. किळस ही त्याहून निराळी. म्हणूनच नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स असे दोन स्वतंत्र रस मानले, एकाचा स्थायीभाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा. आपण ज्याला मन थाऱ्यावर नसणे म्हणता, ते मला या दोहोंहून खोलवरचे वाटते. जो चित्रपट आपल्याला खुर्चीत सुरक्षित बसू देत नाही आणि पडद्यावरच्या दुष्कृत्यात नकळत सामील करून घेतो, तोच घरापर्यंत आपल्याबरोबर येतो.

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ (१९६०) आठवून पाहा. त्यातील स्नानगृहातल्या खुनाविषयी सगळेच बोलतात, पण मला त्यानंतरची काही मिनिटे अधिक भयंकर वाटतात. नॉर्मन हा लाजाळू, एकाकी तरुण जवळजवळ एक शब्दही न बोलता फरशी पुसतो, मृतदेह मोटारीच्या डिकीत ठेवतो आणि मोटार दलदलीत ढकलून देतो. मोटार हळूहळू खाली जाऊ लागते आणि मध्येच थांबते. तिचे छत वर तसेच दिसत राहते, नॉर्मन घाबरून इकडेतिकडे पाहतो आणि त्या दोन-चार क्षणांत आपलाही श्वास अडकतो. ती बुडावी, असे आपल्याला मनापासून वाटत असते! थोड्याच वेळापूर्वी जिच्यासाठी जीव तुटत होता, तिचाच देह त्या मोटारीत आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलेलो असतो. मोटार बुडते, आपल्याला हायसे वाटते आणि त्या हायसे वाटण्याची लाज पुढे कितीतरी दिवस पुरते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) हेच काम लोभाकडून करून घेतले आहे. साखळदंडांनी बांधलेली म्हातारी, सतत कोसळणारा पाऊस आणि पडका वाडा ही केवळ पूर्वतयारी होय. खरा फास पुढे आहे. चित्रपटाचा नायक विनायक दोराला धरून देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचे रिंगण आखतो, तिथल्या भुकेल्या हस्तर या राक्षसापुढे कणकेची बाहुली टाकतो आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी ओरबाडतो. हा माणूस चांगला नाही, हे आपल्याला ठाऊक असूनही त्याच्या हाती आणखी एक नाणे लागावे, अशी इच्छा मनात उमटतेच. पुढे तोच बाप आपल्या कोवळ्या मुलाकडून याच कामाचा सराव करून घेतो. एखाद्याने मुलाला पिढीजात धंद्यातल्या खाचाखोचा शिकवाव्यात, तितक्या सहजतेने आणि काहीशा मायेनेही तो हे करतो. आपल्या झोपेचे खोबरे झाले असेल, तर माझ्या मते ते हस्तरमुळे नव्हे, या मायेमुळे. राक्षस आपल्या घरात नसतो. पण मुलाच्या हाती आपली हाव सोपवणारा बाप अनोळखी नसतो.

प्रश्न : पार्श्वसंगीत काढून टाकले, तर भयपटात काय उरेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘सायको’तील खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे आरंभी खुद्द हिचकॉक यांचेच मत होते, बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांवर रचलेले संगीत ऐकून त्यांनी ते बदलले. त्यामुळे संगीताचे सामर्थ्य नाकारता येत नाही. परंतु त्याच दिग्दर्शकाने, पक्षी माणसांवर तुटून पडतात अशा १९६३ च्या ‘द बर्ड्स’मध्ये रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत जवळजवळ पूर्णपणे वगळले आणि पक्ष्यांच्या आवाजासाठी विद्युत्-वाद्यावर निर्माण केलेल्या ध्वनींचा उपयोग केला. त्यातला शाळेबाहेरचा प्रसंग आवर्जून पाहावा. नायिका बाकावर बसून सिगारेट ओढत आहे, आत मुले एकच गाणे लांबवत चालली आहेत आणि तिच्या पाठीमागे मुलांच्या खेळण्याच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो, मग आणखी काही. ती मागे पाहत नाही. आपल्याला सारे दिसत असते आणि तिला हाक मारता येत नाही. अखेर आकाशातून येणाऱ्या एका कावळ्यामागे तिची नजर वळते, तेव्हा तो सांगाडा कावळ्यांनी काळाकुट्ट भरून गेलेला असतो आणि वर्गातले गाणे अजून सुरूच असते.