वाचकांचे प्रश्न : ‘ओरिजिनल’च्या शिक्क्यावर किती विसंबावे?

प्रश्न : निवृत्तीनंतर मुलाने घरी नेटफ्लिक्स घेऊन दिले. त्यावरील ‘ओरिजिनल’ मालिका आणि चित्रपट ती कंपनी स्वतः बनवते, अशी माझी समजूत होती. ‘दिल्ली क्राइम’ आम्ही उभयतांनी मन लावून पाहिली; परंतु त्याच विश्वासाने लावलेल्या पुढच्या मालिका दुसऱ्या भागापलीकडे पाहवल्या नाहीत. एकाच घरची निर्मिती इतकी असमान कशी असते?
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : ही समजूत पुष्कळांची असते आणि ती तशीच राहण्यात कंपनीचा तोटा काहीच नाही. प्रत्यक्षात हा शिक्का प्रदर्शनाच्या हक्कांविषयी सांगतो, कारागिरीविषयी नाही. कंपनीने स्वतः पैसा घालून करवून घेतलेली मालिका, बाहेरच्या निर्मात्याने पूर्ण करून आणलेला आणि नंतर विकत घेतलेला चित्रपट, तसेच दुसऱ्या देशातील दूरचित्रवाहिनीवर आधीच दाखवून झालेली मालिका, या सर्वांवर तो उमटू शकतो. आपल्याला आवडलेली ‘दिल्ली क्राइम’ दुसऱ्या प्रकारात मोडते. रिची मेहता यांनी पोलीस तपासाचा दीर्घकाळ अभ्यास करून ती स्वतंत्रपणे उभी केली, जानेवारी २०१९ मध्ये तिचे पहिले दोन भाग सनडान्स महोत्सवात दाखवले गेले आणि मार्च महिन्यात ती नेटफ्लिक्सवर आली. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार तिला मिळाला. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाचे दिग्दर्शन मात्र तनुज चोप्रा यांचे होते. शेफाली शहा यांनी ते पर्व सावरले आहे, तरी पहिल्या पर्वातील तपासाची घट्ट वीण त्यात उरलेली नाही, असे माझे मत आहे. शिक्का तोच, नटसंच बव्हंशी तोच; हात बदलला.

टाकसाळीवरील दरोड्याची स्पेनची मालिका ‘मनी हाइस्ट’ हे याचे आणखी ठळक उदाहरण आहे. २०१७ मध्ये ती तेथील अँटेना ३ या वाहिनीवर १५ भागांत दाखवली गेली. नेटफ्लिक्सने हक्क घेऊन तिचे २२ छोटे भाग केले आणि जगभर तिचे नाव झाले. पुढील पर्वे कंपनीच्या पैशाने झाली. त्यांत स्फोट वाढले, परदेशांतील स्थळे वाढली; मात्र टाकसाळीत कोंडलेल्या माणसांची ती पहिली घुसमट पुन्हा साधली नाही.

असमानतेचे दुसरे कारण मालिका मागवण्याच्या पद्धतीत आहे. २०१३ मध्ये आलेल्या ‘हाउस ऑफ कार्ड्स’साठी नमुन्याचा एकही भाग न पाहता दोन पर्वांचे मिळून २६ भाग आधीच मान्य करण्यात आले होते आणि पहिल्या पर्वाचे सर्व १३ भाग एकाच दिवशी प्रेक्षकांसमोर ठेवले गेले. दर आठवड्याला प्रेक्षक टिकवण्याची धास्ती नसल्यामुळे चांगल्या लेखकाला यातून ऐसपैस जागा मिळते. ज्याच्याकडे दोन तासांच्या चित्रपटापुरताच ऐवज आहे, तो मात्र त्याच जागेत आठ भाग ताणत बसतो, आणि आपण अर्ध्यावर सोडलेल्या मालिका बहुधा याच जातीच्या असाव्यात. ‘सेक्रेड गेम्स’च्या २०१८ मधील पहिल्या पर्वामागे विक्रम चंद्रा यांची जाडजूड कादंबरी होती, त्यामुळे आठही भाग भरलेले वाटतात, शिवाय जितेंद्र जोशी यांनी साकारलेला हवालदार काटेकर मराठी प्रेक्षकाला सहजासहजी विसरता येणार नाही. पुढच्या वर्षीचे पर्व गुरुजींच्या आश्रमात शिरले आणि तिथेच बराच काळ घुटमळत राहिले.

म्हणून आपण शिक्क्याऐवजी लेखक आणि दिग्दर्शक यांची नावे पाहावीत. ही नावे श्रेयनामावलीत असतात आणि ती वगळून पुढे जाण्याचे बटण नेमके तिथेच दिलेले असते, हा भाग वेगळा. दोन भाग पाहूनही पात्रांविषयी कुतूहल वाटले नाही, तर मालिका सोडून द्यावी. पैसे भरले आहेत म्हणून शेवटपर्यंत पाहत राहण्याचे कारण नाही. वर्गणी महिन्याची असते, मालिकेची नसते.

प्रश्न : मैत्रिणी नेटफ्लिक्सची ‘टॉप टेन’ यादी पाहूनच काय लावायचे ते ठरवतात. त्या यादीला गुणवत्तेचे माप मानावे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विजापूर रस्ता

उत्तर : मानू नये. किती लोकांनी किती पाहिले एवढेच ती यादी सांगते आणि ‘पाहिले’ म्हणजे काय, हेही कंपनीने वेळोवेळी बदलले आहे. २०२० च्या सुमारास केवळ दोन मिनिटे पाहणारा सदस्यही हिशेबात धरला जात असे. पुढे एकूण पाहिलेले तास मोजले जाऊ लागले आणि जून २०२३ पासून त्या तासांना कलाकृतीच्या लांबीने भागून आकडा काढला जातो. ही रीत पूर्वीपेक्षा रास्त आहे, कारण आता दहा तासांच्या मालिकेला दीड तासाच्या चित्रपटावर लांबीच्या जोरावर मात करता येत नाही. तरीही कंटाळून, झोपेत किंवा स्वयंपाक करताना चालू राहिलेले तास या हिशेबातून वगळता येत नाहीत. पूर्वी असलेले तारांकनही २०१७ मध्ये काढून त्या जागी अंगठ्याची खूण आली, आणि ती प्रामुख्याने आपल्याला पुढे काय सुचवायचे हे ठरवण्यासाठी वापरली जाते. आपल्याला पसंतीची मते हवी असतील, तर ज्या मैत्रिणीशी आपले नेहमी खटके उडतात, तिला विचारावे. एखादी मालिका का आवडली नाही, हे ती नेमके सांगेल.

प्रश्न : आमच्या घरी आई तेलुगू बोलते, मी आणि पत्नी मराठी, तर मुले हिंदी-इंग्रजी. परदेशी मालिका डब केलेली पाहावी की मूळ आवाजात, खाली मजकूर ठेवून?
— यंत्रमाग व्यावसायिक, अशोक चौक परिसर

उत्तर : सोलापूरच्या पूर्व भागातील घराघरांतला हा प्रश्न आहे आणि त्याचे एकच एक उत्तर देता येणार नाही. आईंना वाचण्याचा त्रास होत असेल, तर डबिंग हाच मार्ग आहे. ‘मनी हाइस्ट’सारख्या गाजलेल्या मालिका तेलुगूतही ऐकता येतात, मराठीत मात्र ही सोय क्वचितच मिळते. पाठलाग, चोरी, खेळ असा ऐवज असेल, तर डबिंगमुळे फारसे बिघडत नाही. जिथे कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो यातच गोष्ट दडलेली असते, तिथे ते नुकसान करते. अल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘रोमा’मध्ये घरकाम करणारी क्लेओ मालकांशी स्पॅनिशमध्ये आणि आपल्या सोबतिणीशी मिश्तेक या मेक्सिकोतील आदिवासी भाषेत बोलते. सगळे संवाद एकाच भाषेत आले, तर त्या घरातील उंबरठेच पुसले जातात. गिऱ्हाईक, कामगार आणि सासुरवाडी यांच्याशी दिवसभरात तीन भाषांत बोलणाऱ्या सोलापूरकराला हे अधिक सांगण्याची गरज नसावी. तीन ऑस्कर मिळवणारा तो चित्रपट आईंसह पाहायचा झाल्यास मूळ आवाज ठेवावा आणि खालचा मजकूर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. संवाद मोजके असल्याने ते जमते.

प्रश्न : नातवंडांच्या हाती रिमोट असतो. वयाच्या खुणांवर विश्वास ठेवावा का?
— एक आजी, दमाणी नगर

उत्तर : २०२१ च्या नियमांनुसार यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे वर्ग दाखवणे बंधनकारक आहे आणि १३+ पासून पुढच्या वर्गांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून आपल्या प्रोफाइलला पिन घालावा. तो पिन नातवंडांचा जन्मदिनांक नसावा.

प्रश्न : हिंदी ‘ओरिजिनल’ दर महिन्याला येतात. मराठी इतक्या थोड्या का, आणि आहेत त्यांत पाहण्याजोगे काय?
— नाट्यप्रेमी वाचक, नवी पेठ

उत्तर : बाजाराचा हिशेब उघड आहे, हिंदी मालिका मराठी माणूसही पाहतो, हे कंपनीला ठाऊक आहे. २०१९ मध्ये दोन मराठी चित्रपट लागोपाठ आले. अरुणा राजे यांच्या ‘फायरब्रँड’मध्ये उषा जाधव आणि गिरीश कुलकर्णी यांचे प्रसंग तोलाचे आहेत, उत्तरार्धात मात्र उपाय फार झटपट सापडतात. माधुरी दीक्षित यांची निर्मिती असलेल्या ‘१५ ऑगस्ट’मधील चाळ ओळखीची आणि लोभस आहे, तिचा जीव एकांकिकेएवढा होता, हे आपल्यासारख्या नाट्यप्रेमीच्या लगेच ध्यानात येईल.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ मात्र आपण चुकवू नये. २०२० च्या व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवल्यानंतर २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे हाही कंपनीने करवून घेतलेला नव्हे. आपल्या गाण्यात ते ‘काहीतरी’ नाही, हे हळूहळू उमगत जाणाऱ्या गायकाची ही कथा आहे. नायक आदित्य मोडक आणि गुरूच्या भूमिकेतील अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गाणारे असल्यामुळे, गाताना ओठांची नुसती हालचाल करणाऱ्या नटांची आपल्याला झालेली सवय इथे मोडते. त्या गुरूंच्याही गुरू असलेल्या माईंच्या ध्वनिमुद्रित भाषणांना सुमित्रा भावे यांचा आवाज आहे, आणि त्या भाषणांतील कठोरपणा पटतो की नाही, यावर हा चित्रपट आपल्याला आवडेल की नाही हे बरेचसे ठरते. मला तो कठोरपणा पटत नाही, तरीही चित्रपट थोर वाटतो. गती संथ आहे म्हणून कोणी आधी उठले तर उठू द्यावे. आपण मात्र तो मोबाइलवर पाहू नये, कारण तानपुऱ्याचा नाद त्या एवढ्याशा स्पीकरमधून ऐकूच येत नाही.