वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या

प्रश्न : ताई, आम्ही नेरूळला एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वन बीएचके. मुलगा बारावीला आहे म्हणून बेडरूम त्याला दिलीये, मी आणि मिस्टर हॉलमध्ये झोपतो. जूनपासून वर भाडेकरू आलेत. नवरा ऐरोलीला आयटीत, घरी येतो रात्री साडेबाराला. मग खुर्च्या ओढणं सुरू. तीन-चार वर्षांचा मुलगा उठतो आणि हॉलभर धावतो. सकाळी सहाला मिक्सर. ग्रुपवर दोनदा लिहिलं, ‘काही लोकांना फ्लॅटमध्ये राहायची सवय नसते.’ तेव्हापासून ती बाई जिन्यात मान फिरवते. मॉपच्या दांड्याने छत ठोकून झालं. शेवटी मीही पहाटे साडेपाचला ब्लूटूथ स्पीकरवर भक्तिगीतं मोठ्याने लावायला लागले. मिस्टर म्हणतात, दुर्लक्ष कर. सेक्रेटरी म्हणतात, लेखी द्या. पीओपीचं सीलिंग करून घेऊ का? की सरळ पोलिसांत जाऊ? भाडेकरूच तर आहेत.
– झोपमोड, नेरूळ

झोपमोडताई,

ग्रुप झाला, दांडा झाला, स्पीकर झाला, सेक्रेटरी झाले. वरच्या दाराची बेल तेवढी अजून वाजवायची राहिली आहे.

झोप मोडली की माणूस किती चिडतं, ते मी समजू शकते. आणि ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला घोरणारी माणसंच देतात. पण आपला आवाज खाली किती जातो, याची वरच्यांना कल्पनाच नसावी असं मला वाटतं. टीव्हीचा किंवा भांडणाचा आवाज हवेतून येतो, तो वाटेत बराच अडतो. खुर्चीचा पाय फरशीवर घासला की हादरा थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि तिथून बीममध्ये, भिंतींमध्ये पसरतो. वर बसलेल्याला जरासं ‘कर्र’ ऐकू येतं. खाली तुमच्या उशाशी ढोल वाजतो. म्हणूनच पीओपीवर पैसे घालू नका. साध्या सीलिंगने खोली छान दिसेल, हादरा मात्र भिंतींतून येतच राहील. या आवाजाचा इलाज वरच्या फरशीवरच होतो, आणि तो अगदी स्वस्त आहे. खुर्च्या-टेबलाच्या पायांना फेल्टच्या चकत्या किंवा रबरी बूच, मूल धावतं तिथे जाड सतरंजी किंवा फोमच्या चटया. मिक्सरखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला तरी फरक पडतो, कारण ओटा भिंतीत बसवलेला असतो आणि घरघर तिथूनच उतरते.

आता पोलिसांचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. मध्यरात्री वर कुणी डीजे लावला तर 112 फिरवा, अजिबात संकोच नको. पण खुर्ची सरकवली म्हणून पोलीस काय करणार? आले तरी हात हलवत परत जातील, आणि तुमचं वैर तेवढं पक्कं होईल. शिवाय तुमची पहाटेची साडेपाचची भक्तिगीतं याच नियमांतल्या रात्रीत बसतात. घरातल्या खासगी साउंड सिस्टीमलाही मर्यादा आहे. त्यांनी उलट तक्रार केली तर काय सांगाल? आणि मजल्यावरच्या समोरच्या घराने तुमचं काय बिघडवलंय? स्पीकर आजच बंद करा. यात चर्चा नाही.

‘भाडेकरूच तर आहेत’ हे वाक्य मला खटकलं, तेही सांगते. सोसायटीचा सभासद फ्लॅटचा मालक असतो, त्यामुळे तुम्ही लेखी दिलं की कमिटी पत्र मालकाला पाठवणार. मालकाला कटकट नको असते. तो अकरा महिन्यांचा करार संपला की ‘दुसरी जागा बघा’ म्हणून मोकळा. चार खुर्च्यांच्या पायांसाठी लहान मूल असलेलं घर हलवायचं का, हे अर्जावर सही करण्याआधी ठरवा. नंतर कोण येईल, तेही तुमच्या हातात नाही.

पत्रात आणखी एक गंमत आहे. मुलाच्या अभ्यासाचा उल्लेख आहे, पण त्याची तक्रार कुठेच नाही. कारण तो बेडरूममध्ये आहे. तुमच्या हॉलवर त्यांचा हॉल, आणि बहुधा तुमच्या उशीच्या बरोबर वर त्यांचं जेवणाचं टेबल. टेबल स्वयंपाकघराकडे सरकवलं तरी निम्मं भागेल. ही गोष्ट त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तेव्हा रविवारी अकराच्या सुमाराला वर जा. तुम्ही एकट्या जा; दोघं गेलात की शिष्टमंडळ वाटतं. रात्री आवाज चालू असताना तर मुळीच नको, त्या वेळी तोंडातून नको ते निघतं. खाऊ वगैरे नेऊ नका. डबा हातात दिला की गोडगोड बोलणं होतं आणि मुद्दा राहून जातो. आधी ग्रुपवरच्या वाक्याबद्दल बोला, कारण त्यांच्या मनात तेच असणार. ‘मी चिडून लिहिलं, तसं लिहायला नको होतं’ एवढं पुरे. मग त्यांना पाच मिनिटं खाली तुमच्या हॉलमध्ये बोलवा आणि त्यांच्या मिस्टरांना वर एक खुर्ची ओढायला सांगा. कानांनी ऐकल्यावर समजावून सांगावं लागत नाही.

मागायचं काय, ते मात्र आधी ठरवून जा. नवऱ्याची शिफ्ट तुम्ही बदलू शकत नाही. साडेबाराला दमून आलेला माणूस जेवणारच, आणि बाबा आले की पोरगं उठणारच. दिवसभरात त्याला बाप तेवढाच मिळत असेल. तो मुद्दा काढूच नका. सहाचा मिक्सरही सोडून द्या, डबे तुमच्याकडेही होतात. मागा फक्त खुर्च्यांच्या चकत्या, टेबलाची जागा आणि सतरंजी. चकत्यांचं पाकीट हार्डवेअरच्या दुकानातून तुम्हीच घेऊन गेलात तरी चालेल, आजचं काम उद्यावर जाणार नाही.

पहिले काही दिवस आवाज कमी होऊनही तुम्हाला जाग येईल. इतके महिने साडेबाराची वाट बघायची कानाला सवय लागली आहे. पंखा जरा मोठा ठेवा, मेडिकलमध्ये इअरप्लग मिळतात ते वापरून बघा, गादीचं डोकं दुसऱ्या भिंतीकडे करा.

दोन-तीन आठवडे जाऊ द्या. काहीच हललं नाही, किंवा त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तर सेक्रेटरींचं ऐका. अर्जात तारीख, वेळ आणि कसला आवाज एवढंच लिहा, ‘सवय नसते’ छापाचं काही नको, आणि पोच घ्या. इतर सभासदांना त्रास होईल असं वागू नये, हे उपविधींमध्ये आहेच. कमिटीला त्यावर बोलावंच लागेल. फक्त अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी वरच्या बाईंना स्वतः सांगा की उद्या देणार आहे.