कोयनेच्या जंगलात टूकन दिसतो का? आणि एवढी मोठी चोच घेऊन तो उडतो कसा?

तुम्ही लिहिलंय की हेळवाकच्या पुढे उंच झाडावर मोठ्या पिवळ्या चोचीचा काळा-पांढरा पक्षी पाहिला, मोबाईलवर शोधलं तर टूकनचे फोटो आले, आणि सोबतचा मित्र म्हणाला की कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला असणार. सुटलेला वगैरे नाही, तो इथलाच आहे. चोचीवर पिवळं शिरस्त्राण आणि पांढऱ्या शेपटीवर काळा आडवा पट्टा, या दोन खुणा तुम्ही दिल्यात त्या राजधनेशाच्या, म्हणजे ग्रेट हॉर्नबिलच्या. टूकनच्या चोचीवर असा टोप नसतोच. राजधनेश कोयना-चांदोलीच्या पट्ट्यात दिसणं ही फार मोठी गोष्ट आहे, तेव्हा तारीख आणि जागा लिहून ठेवा आणि वनखात्याच्या माणसांना जरूर कळवा.

टूकन रानात सापडतो तो फक्त मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत. आपला धनेश आशिया-आफ्रिकेतला. दोघांची चोच मोठी, दोघंही फळं खातात आणि ढोलीत राहतात, म्हणून ते भाऊ-भाऊ वाटतात. प्रत्यक्षात घराणी वेगळी. टूकनचा खरा नातेवाईक तुमच्या दारात आहे. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलात आणि वरून एका लयीत ‘टुक् टुक् टुक्’ असा आवाज आला, तर तो तांबट. पाटणच्या डोंगरात दिवसभर ओरडणारा कुटुर्गाही त्यातलाच. तांबट, सुतारपक्षी आणि टूकन या सगळ्यांच्या पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे. धनेशाची तीन पुढे आणि एक मागे.

आता चोचीचं. सर्वांत मोठा टूकन म्हणजे टोको टूकन. वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो, चोच वीतभर. लांबीत ती शरीराच्या एक तृतीयांश भरते, पण वजनात जेमतेम विसावा हिस्सा. बाहेरून आपल्या नखांच्या जातीचं केराटिनचं पातळ कवच, आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी, जाळीच्या खणांवर ताणलेले पडदे आणि बाकी सगळी हवा. सॅन डिएगोच्या विद्यापीठात मार्क मेयर्स यांच्या गटाने 2005 च्या सुमारास ही रचना तपासली. कवच आणि जाळी एकमेकांना आधार देतात, त्यामुळे चोच हलकी असून सहज वाकत-मोडत नाही. तेव्हा उडताना तिचं ओझं होत नाही.

ती एवढी मोठी कशाला, याचं एकच एक उत्तर नाही. बारीक डहाळी टूकनला पेलत नाही, म्हणून तो जाड फांदीवर बसून टोकाची फळं तोडतो, हा एक उपयोग. दुसरा 2009 मध्ये कळला आणि मला तो जास्त विलक्षण वाटतो. ग्लेन टॅटरसॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने टोको टूकनचं चित्रण केलं. उकडायला लागलं की पक्षी चोचीतला रक्तप्रवाह वाढवतो आणि अंगातली उष्णता तिथून बाहेर टाकतो. गारवा आला की तो प्रवाह आवळून घेतो. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यामुळे दमट जंगलात ही सोय लाखमोलाची. झोपताना तीच चोच पाठीवर वळवून पिसांत खुपसतो आणि शेपूट पुढे डोक्यावर दुमडतो. शेपटीच्या मुळाशी तसा सांधाच आहे. मग ढोलीत नुसता पिसांचा चेंडू उरतो.

घरट्याबाबत दोघांची रीत अगदी निराळी. टूकनचे नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात, ढोलीचं तोंड उघडं असतं. धनेशाची मादी आत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच उभी फट ठेवते. पुढचे काही आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या भरवशावर. शिराळ्याकडे रस्त्याकडेच्या जुन्या वडावर राखी धनेशाच्या घरट्यापाशी हे जवळून बघायला मिळालं. नर आला तेव्हा चोच रिकामी दिसत होती. फांदीला धरून त्याने मान किंचित हलवली, गळा फुगला, चोचीच्या टोकाशी एक फळ आलं, ते फटीतून आत गेलं. पुन्हा गळा हलला, दुसरं फळ. एकामागून एक निघतच राहिली, सगळी गळ्यात साठवून आणलेली. खाली मातीत बियांचा आणि विष्ठेचा थर साचलेला.

तो थर म्हणजेच पुढचं जंगल. गर पचवून बिया लांब नेऊन टाकायचं काम टूकनही तिकडे तितक्याच नेटाने करतो. ब्राझीलच्या किनाऱ्याकडच्या जंगलात जुसारा नावाचा ताडवर्गीय वृक्ष आहे. जिथे शिकारीने आणि जंगलतोडीने टूकनसारखे मोठ्या चोचीचे पक्षी संपले, तिथे उरल्या लहान पक्ष्यांना मोठ्या बिया गिळता येत नाहीत. त्यामुळे त्या भागांतल्या जुसाराच्या बियाच लहान झाल्या, असं 2013 मध्ये माउरो गालेत्ती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. लहान बी लवकर सुकते, रोपही अशक्त येतं. पक्षी गेला की झाडाची जात अशी आतून बदलते, हे वाचल्यापासून मी उंबराखाली बिया बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

ब्राझीलमधल्या पांतानालच्या पाणथळ भागात याहून गुंतागुंतीचं आहे. तिथला मोठा निळा हायसिंथ मकाव पोपट बहुतेक घरटी मांदुव्ही झाडाच्या ढोलीत करतो. हे झाड आपल्या कांडोळाच्या, म्हणजे पांढऱ्या खोडाच्या भुत्याच्या, कुळातलं. त्याच्या बिया पसरवण्यात टोको टूकनचा वाटा सर्वांत मोठा, आणि मकावाची अंडी खाण्यातही टोको टूकन पुढे. म्हणजे पोपटाचं घर तोच लावतो आणि पाळणाही तोच रिकामा करतो. टूकनला नुसता फळं खाणारा गरीब पक्षी समजू नका. सरडे, किडे, दुसऱ्यांची पिल्लं, काही सोडत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, टूकन पाळता येतो का. टोको टूकन साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे. असे परदेशी जीव ठेवायचे तर सरकारकडे नोंदणी बंधनकारक आहे आणि 2022 च्या दुरुस्तीने ते वन्यजीव कायद्यातच आलं. कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. बंदिवासात टूकनच्या यकृतात लोह साठतं आणि त्याने पक्षी दगावतो, आहार फार जपावा लागतो. आपला राजधनेश वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तो पकडायचा किंवा पाळायचा प्रश्नच नाही.

पुन्हा त्या बाजूला गेलात तर फेब्रुवारी ते मेमध्ये सकाळी जा. आधी पंखांचा मोठा फस् फस् आवाज येईल, मग पक्षी दिसेल. नर एकटाच एका झाडाकडे फेऱ्या मारताना आढळला तर आत मादी कोंडलेली असणार. लांबूनच बघा, झाडाखाली थांबू नका. माणसं दिसली की नर फळं घेऊन तसाच बाजूला बसून राहतो आणि आतली उपाशी राहतात. त्या झाडाचा फोटो ठिकाणासकट कुठेही टाकू नका.