वॉकी-टॉकी: परवाना कधी लागतो, रेंज किती मिळते

प्रश्न: ट्रेकच्या ग्रुपसाठी ऑनलाइन वॉकी-टॉकी घ्यायचे आहेत. भारतात परवाना लागतो का?

सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्यावर ते ठरतं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्याला २०१८च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. सूट परवान्यापुरतीच, त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी) मान्यता लागतेच. जाहिरातीत नुसतं ‘लायसन्स-फ्री’ लिहिलंय, फ्रिक्वेन्सी आणि ईटीएचा पत्ता नाही, असा सेट घेऊ नका. १३६–१७४ आणि ४००–४८० मेगाहर्ट्झवर चालणारे पाच वॅटचे सेट या सवलतीत बसत नाहीत. त्यात ४४६चे चॅनेल भरून दिले तरीही नाही.

प्रश्न: मी हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना काढला, तर असे सेट सोसायटीच्या वॉचमनना देता येतील?

नाही. हॅम परवाना परीक्षा पास झालेल्या व्यक्तीपुरता असतो. सोसायटीने ४४६चे सेट घ्यावेत, नाहीतर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा.

प्रश्न: खोक्यावर १० किमी लिहिलंय, पण इमारतींमध्ये ६०० मीटरवरच आवाज तुटतो. सेट खराब आहे का?

बहुधा सेट ठीक आहे, खोकं अतिशयोक्ती करतंय. रेडिओचं क्षितिज, म्हणजे मध्ये अडथळा नसताना सिग्नल जिथवर पोचतो ते अंतर, किलोमीटरमध्ये काढायचं तर अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ४.१२. तोंडाशी धरलेला सेट दीड मीटरवर, म्हणजे ५ किमी. समोरच्याचे ५ धरून १०. पण हे सपाट, मोकळ्या जमिनीचं गणित. मध्ये काँक्रीट आलं की ६०० मीटर ही वाईट रेंज नव्हे. एक जण १०० मीटर उंच टेकडीवर गेला, तर तेच गणित ४६ किमीवर जातं.

वॅट वाढवून एवढा फरक पडत नाही. जमिनीलगत सिग्नल साधारण अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. अर्ध्या वॅटचे पाच केले तरी रेंज जेमतेम पावणेदोन पट होते, बॅटरी मात्र भराभर उतरते. त्यापेक्षा खिडकीशी किंवा गच्चीवर जा. सेट कमरेला अडकवून हेडसेटवर बोलू नका, अंग सिग्नल खातं. तो हातात आणि अँटेना उभी हवी. एकाची उभी, दुसऱ्याची आडवी असली तरी सिग्नल कमी होतो.

प्रश्न: समोरचा बोलतो तेव्हा दिवा लागतो, पण आवाज येत नाही.

चॅनेल जुळलाय, टोन जुळलेला नाही. टोन म्हणजे आवाजासोबत जाणारी खूण: ती जुळली तरच समोरचा सेट आवाज सोडतो. दोन्ही सेटवर टोन बंद करून बघा. आवाज आला की दोन्हीकडे टोनचा एकच क्रमांक लावा. टोनमुळे बोलणं गुप्त होत नाही, हेही लक्षात असू द्या: टोन बंद ठेवणाऱ्या कुणालाही ते ऐकू जातं. आणि फक्त पहिला शब्द गिळला जात असेल, तर बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला.