अडलेलं काम सोबत घेऊन या

गेल्या अंकात मी संगणकाच्या क्षेत्रातल्या लोकांच्या संध्याकाळच्या बैठकांविषयी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी एकोणीस वर्षं पुण्यात डेटाबेसचं काम केलं. आता रत्नागिरीत राहते आणि इथे दर महिन्याला अशी एक बैठक भरवते.

प्रश्न : मी देवरुखची. पुण्यातल्या कंपनीचं काम २०२० पासून घरूनच करते. मध्यंतरी ऑफिसात बोलावलं होतं, तेव्हा संध्याकाळी तिथल्या एका मीटअपला गेले. दोन भाषणं झाली, मग ‘नेटवर्किंग’. सगळे घोळके करून उभे. मी कागदी बशी हातात धरून वीस मिनिटं भिंतीशी उभी राहिले आणि निघून आले. आपल्याला काहीतरी हवंय म्हणून गोड बोलून ओळख काढायची, हे मला जमत नाही, पटतही नाही. नाहीच गेले, तर काय बिघडलं?

उत्तर : गोड बोलून ओळख काढायला तू जाऊ नकोसच. ते मलाही कधी जमलं नाही. पण जायचं मात्र सोडू नकोस. का, ते सांगते.

पुण्यात मी नोकरीला लागून सहाएक वर्षं झाली होती. महिनाअखेरीचा आमचा एक अहवाल निघायला चाळीस मिनिटं लागायची. मी तीन आठवडे त्याच्या मागे होते. सर्व्हरची मेमरी वाढवून घेतली, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला माहिती मागायची आज्ञा, दोनदा नव्याने लिहिली. फरक शून्य. अशाच एका संध्याकाळी भाषण संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांनी ‘काय चाललंय?’ एवढंच विचारलं. मी इतकी कातावले होते, की नाव-गाव सांगायच्या आधी अहवालाचीच कथा सांगितली. त्यांनी विचारलं, ‘इंडेक्समध्ये आधी काय आहे, शाखा की तारीख?’ इंडेक्स म्हणजे नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून लावलेली सूची. आमच्या सूचीत शाखा आधी, तारीख नंतर. आणि आमची क्वेरी फक्त तारखेवर शोधत होती. टेलिफोनच्या डिरेक्टरीत आडनाव ठाऊक नसताना नुसत्या नावावरून माणूस शोधावा, तसं ते चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तारखेचा वेगळा इंडेक्स केला. अहवाल दोन मिनिटांच्या आत.

त्या गृहस्थांशी मी गोड बोलले नव्हते. माझं काम अडलं होतं आणि ते मी जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं, इतकंच. तू पुढच्या वेळी जाशील तेव्हा एक वाक्य घरून तयार करून ने: ‘मी अमुक काम करते आणि सध्या अमुक ठिकाणी अडलेय.’ कामातली माणसं दुसऱ्याच्या अडलेल्या कामाला कधी कंटाळत नाहीत. त्यांचे डोळे चमकतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आणि तुझं काही अडलं नसेल, तर समोरच्याला विचार, ‘तुमचं काय अडलंय?’ मग नीट ऐक.

दुसरं, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोच. खुर्च्या मांडायच्या असतात, वायर शोधायची असते. त्यात हात लाव. खुर्ची उचलताना ओळख आपोआप होते, त्यासाठी शब्द जुळवावे लागत नाहीत. आणि कुणी काही सुचवलं असेल, तर ते करून पाहिल्यावर त्याला कळव. ‘तुम्ही म्हणालात तसं केलं, अमुक झालं.’ बहुतेक लोक हे करत नाहीत. जे करतात, ते वर्षानुवर्षं लक्षात राहतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न. ऑफिसात बसणाऱ्याच्या कानावर दिवसभर काही ना काही पडत असतं. शेजारचा कुठल्या चुकीवर वैतागलाय, कुठलं तंत्रज्ञान मोडीत निघालंय, कुठे माणसं हवी आहेत. देवरुखला तुझ्या कानावर कोकिळा आणि पाऊस पडतो. ते सुख आहे, मीही तेच निवडलं. पण ज्या चुका पुण्यात चार वाक्यांत टळल्या असत्या, त्या तू एकटीने तीन-तीन आठवडे करत बसशील. एवढं बिघडतं.

प्रश्न : माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, गुहागरला घरूनच काम करतो. दर दोन महिन्यांनी असल्या कार्यक्रमांना रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला जातो. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च होतो. पगार वाढलेला दिसत नाही. नोकरी लावायची तर आमचे दोन भाचे मोठ्या कंपन्यांत आहेतच. मग परक्यांच्या ओळखी कशाला?

उत्तर : काका, खर्चाची तुमची काळजी रास्त आहे. पण भाच्यांचा मुद्दा जरा तपासून पाहू.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची बातमी कळली, तो माणूस तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता? त्याचा निबंध १९७३ साली छापून आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत, नेहमी भेटणाऱ्याकडून बातमी कळली असं सांगणारे शंभरात सतराच्या आसपास. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली असं सांगणारे ५६. क्वचितच भेटणाऱ्याकडून कळली म्हणणारे २८. कारण साधं आहे. घरच्या माणसांना जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. गणपतीत एकाच पाटाभोवती बसणाऱ्यांकडे वेगळी बातमी कुठून येणार? २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही फार जवळची नाही आणि अगदी तोंडओळखीचीही नाही, अशी मधली ओळख नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी पडल्याचं दिसलं.

मुलाला पगाराविषयी विचारू नका. ‘या खेपेला कोण भेटलं, काय नवीन कळलं?’ असं विचारा. त्याने दोन माणसांची नावं आणि एक नवी गोष्ट सांगितली, तर गाडीभाडं वसूल झालं समजा. लागोपाठ तीन खेपा काहीच सांगता आलं नाही, तर मात्र त्याने कार्यक्रम बदलावा.

प्रश्न : कुडाळ, सावंतवाडी, कणकवली भागात आम्ही घरून काम करणारे पंधराएक जण आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे. प्रत्यक्ष भेटायचं म्हणतो, पण वक्ते कोण येणार, हॉल कुठला, प्रोजेक्टर कुणाचा, इथेच घोडं अडतं. सुरुवात कशी करावी?

उत्तर : वक्ता, हॉल आणि प्रोजेक्टर या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवा. तुम्ही मालवणी मुलखातले. गजाली तुम्हाला शिकवायच्या नाहीत. गजालीला वक्ता लागत नाही.

आपल्याकडे बैठक म्हटली की व्याख्यान डोळ्यांपुढे येतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, तेव्हापासून ही सवय आपल्या अंगात भिनली आहे. व्यासपीठ, हार, आभार. मला ती परंपरा मनापासून प्रिय आहे. पण तुमच्या कामासाठी बरोबर शंभर वर्षांनंतरचा नमुना घ्या. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथे एका गॅरेजमध्ये तीसेक हौशी माणसं जमली. घरी संगणक बनवायचा ध्यास, एवढंच त्यांच्यात समान. त्यांनी नाव घेतलं होमब्रू कॉम्प्युटर क्लब. पहिल्या दिवशी जमलेल्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक होता. पुढे त्याने आपल्या संगणकाचे आराखडे याच मंडळींना वाटले. तोच अ‍ॅपलचा पहिला संगणक.

त्या क्लबच्या बैठकीचे पुढे दोन भाग पडले. पहिल्या भागात ज्याला बोलायचं असेल त्याने उभं राहून थोडक्यात सांगायचं: माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, माझं इथे अडलंय. याला ते ‘मॅपिंग’ म्हणत. दुसऱ्या भागात, ज्याचं बोलणं आपल्या कामाचं वाटलं, त्याला शोधून गाठायचं. हा दुसरा भाग म्हणजे ‘रँडम अ‍ॅक्सेस’. मी रत्नागिरीत हेच करते. आधी एकेकाला एक-एक मिनिट, मग एकाचं वीस मिनिटांचं बोलणं, मग चहा आणि मोकळा तास. तो मोकळा तास कुणी मागितला तरी देऊ नका. भाषण लांबलं तर भाषण कापा.

आता तुमच्या मुलखातल्या अडचणी.

वार शनिवारच ठेवा. तुमच्यातले निम्मे अमेरिकेच्या वेळेवर काम करत असतील, त्यांच्या कामाचे तास नेमके संध्याकाळी. वेळ ठरवण्याआधी कुडाळच्या आगारात जाऊन सावंतवाडी आणि कणकवली दोन्हीकडच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारा. त्याच्या पाऊण तास आधी बैठक संपली पाहिजे, आणि निरोपात गाडीची वेळही लिहा. हे मी चुकीतून शिकले. आमच्या दुसऱ्या बैठकीला लांज्याहून आलेल्या दोन मुली चर्चा रंगात आली असताना उठून गेल्या. मला वाटलं, कंटाळल्या. त्यांची गाडी चुकत होती. तेव्हापासून आमची बैठक साडेपाचला सुरू होते आणि साडेसातला संपते. कोण कुठल्या दिशेने जाणार, कोणाला कोण सोडणार, हे आम्ही चहाच्या आधीच ठरवतो. मुली टिकायला हव्या असतील तर हे फार महत्त्वाचं आहे.

जागा शाळेच्या वर्गाची घ्या. तिथे फळा असतो. मिरग लागला की आमच्याकडे संध्याकाळी वीज जाते, तुमच्याकडेही जात असणार. फळा आणि खडू असला की बोलणं थांबत नाही. शिवाय फळ्यावर काढलेली आकृती कुणीही उठून दुरुस्त करतो, पडद्यावरच्या आकृतीला कुणी हात लावत नाही.

आंब्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, बागायतदारांच्या घरची मुलं येणार नाहीत. रागावू नका. शिमग्यातला शनिवार सोडून द्या. पण गणपतीतला एक दिवस धरून ठेवा. ज्या चाकरमान्याला पुण्या-मुंबईहून एरवी मानधन देऊनही आणता येणार नाही, तो पंधरा-वीस वर्षांचा अनुभव घेऊन तुमच्या शेजारच्या वाडीत आरतीला उभा असतो. गौरी-विसर्जनानंतर, परतीची गाडी पकडायच्या आधी, त्याला दोन तास मागा. आमच्याकडे तीन वर्षांत याला कुणीही नाही म्हटलेलं नाही.

पैशांचं म्हणाल तर चहा-भज्यांचा खर्च वाटून घ्या. एका प्रशिक्षण वर्गाने आम्हाला नाश्ता देऊ केला होता, बदल्यात त्यांना दहा मिनिटं हवी होती. त्या दहाची चाळीस झाली आणि पुढच्या महिन्याला सहा माणसं कमी आली. तुम्ही ते करू नका.

आणि मालवणीत बोला. डिप्लॉयमेंटला डिप्लॉयमेंटच म्हणा, पण बाकीचं वाक्य आपलं असू द्या. इंग्रजीत अडखळणारा माणूस आपली खरी अडचण सांगतच नाही.

प्रश्न : मी चिपळूणचा. दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो, सांभाळतो. एका बैठकीत मला बोलायला सांगितलंय. बाकीचे क्लाउड आणि एआयवर बोलतात. माझ्याकडे काय आहे? २०२१ च्या पुरानंतर दुकानदारांच्या भिजलेल्या हार्ड डिस्कमधून हिशेब काढायची धडपड केली होती. अकरापैकी चार निघाल्या. यावर कोण ऐकेल?

उत्तर : मी ऐकेन. चिपळूणला येऊन ऐकेन.

२२ जुलैच्या त्या दिवसाबद्दल लोक पाण्याची उंची सांगतात. हिशेबाचं, उधारीच्या नोंदींचं काय झालं, हे फारसं कुणी सांगितलेलं नाही. तुझ्याकडे अकरा डिस्कची हकिकत आहे. त्या चार का निघाल्या आणि सात का गेल्या, हेच तुझं भाषण. ज्यांनी घाईने संगणक चालू करून पाहिला, त्यांच्या डिस्क गेल्या का? भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नये, उन्हात वाळवू नये, तशीच ओलसर बंद पिशवीत घालून जाणकाराकडे द्यावी, हे आपल्या नदीकाठच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असायला हवं. तुला ते हाताने काम करून कळलंय.

बॅकअपचा नियम सगळे सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. ‘दुसरी जागा’ म्हणजे बाजारपेठेतलंच दुसरं दुकान चालेल का, हे वाशिष्ठीकाठी राहणाराच सांगू शकतो. पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवणारे किती निघाले, तेही सांग.

दुकानांची नावं घेऊ नकोस, खऱ्या बिलांचे फोटो दाखवू नकोस. नमुन्याला खोटी बिलं बनव. वीस मिनिटांत सात गेलेल्या डिस्कना बारा मिनिटं दे. आणि एखादी बिघडलेली डिस्क दुकानदाराने दिली, तर ती उघडून सोबत आण, हातोहात फिरू दे. तारीख ठरली की मला कळव.