संप्रेरकांची नक्कल करणारी रसायने आणि हातांची खाज

प्रश्न : पराटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की पंप भरून देणाऱ्या माझ्या पत्नीच्या हातांना खाज सुटते आणि गांधी उठतात. काही कीटकनाशके संप्रेरकांची नक्कल करून रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम करतात, असे वाचनात आले. या दोहोंचा संबंध काय? औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात वावरात पाणी नेलेले चालते का?
— एक वाचक, तालुका घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : संप्रेरकांचे काम पाळी, गर्भधारणा आणि वाढ एवढ्यापुरतेच असते, हा समज अपुरा आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधील प्रमुख संप्रेरक ओळखणारी ग्राही प्रथिने टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशींत, तसेच त्वचेतील मास्ट पेशींतही असतात. त्यामुळे इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले रसायन तेथे पोहोचले, तर पेशी तो शरीराचाच निरोप समजून कामाला लागू शकते.

आपल्या प्रश्नाशी मास्ट पेशीचा संबंध सर्वांत जवळचा आहे. तिच्यात हिस्टामिनने भरलेले बारीक कण असतात आणि ते बाहेर पडले की कातडी लाल होते, सुजते, खाजते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एन्डोसल्फान हे कीटकनाशक आणि डीडीटी या दुसऱ्या कीटकनाशकापासून बनणारे डीडीई यांच्या अत्यल्प मात्रेनेही मास्ट पेशींतून असा स्राव झाला. एन्डोसल्फान कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेले; सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. अर्थात, प्रयोगशाळेतील पेशींवरून थेट माणसाचे निदान करता येत नाही. पंप भरताना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणाऱ्या औषधाने कातडीचा थेट दाहही होतो. म्हणून डब्यावरील लेबल सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र घाम, उलट्या, धूसर दिसणे अशी लक्षणे दिसली, तर ती तीव्र विषबाधा असू शकते. तेव्हा तडक रुग्णालय गाठावे.

किती कमी मात्राही परिणाम करू शकते, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. काही प्लास्टिकमध्ये असणाऱ्या आणि इस्ट्रोजेनचीच नक्कल करणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाची दररोजची सुरक्षित मर्यादा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे 4 मायक्रोग्रॅमवरून 0.2 नॅनोग्रॅमवर, म्हणजे 20,000 पटींनी खाली आणली आणि त्यासाठी उंदरांतील विशिष्ट टी पेशींच्या वाढीचा आधार घेतला.

डब्यात पाणी मुळीच नेऊ नये. प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध कितीही खळबळून धुतले तरी पूर्ण जात नाही. रिकाम्या डब्याला भोके पाडावीत, म्हणजे दुसरे कोणीही तो वापरणार नाही. वावरात पाण्यासाठी स्टीलची कॅन किंवा मडके न्यावे.