आमचे सर्व्हर इंटेल प्रोसेसरवरून आर्म प्रोसेसरवर न्यायचे आहेत. फक्त रीकम्पाइल करून भागतं का, आणि किती दिवस धरावेत?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऑफिस ऐरोलीला आहे, सोर्स कोड सगळा हाताशी आहे आणि साहेबांनी सांगितलंय की महिनाअखेरीला जुने भाड्याचे सर्व्हर बंद. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. 'फक्त रीकम्पाइल'चं, म्हणजे तोच सोर्स कोड नव्या प्रोसेसरच्या भाषेत पुन्हा बदलून घेण्याचं, नंतर बघू.

२००९ साली मी रबाळे एमआयडीसीत रसायनांच्या एका गोदामात सिस्टिम बघायचो. सन कंपनीचं स्पार्क प्रोसेसरचं मशीन, त्यावर सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि नव्वदच्या दशकात कुणीतरी सी भाषेत लिहिलेला स्टॉक आणि वजनकाट्याचा प्रोग्राम. डेटाबेस वगैरे भानगड नाही. मेमरीतलं स्ट्रक्चर, म्हणजे एका नोंदीचे सगळे बाइट, उचलायचं आणि जसंच्या तसं फाइलीत ओतायचं. मशीनचे सुटे भाग मिळेनात म्हणून इंटेल आणि लिनक्सवर जायचं ठरलं. साहेब म्हणाले, "सोर्स आहे ना? मग फक्त रीकम्पाइल."

रीकम्पाइल एका दुपारीत झालं, ते मान्य. पहिला रिपोर्ट काढला तर एका ड्रमच्या जागी १,६७,७७,२१६ ड्रम. स्पार्क आकड्यातला मोठ्या किमतीचा बाइट आधी लिहितं, इंटेल छोट्या किमतीचा, त्यामुळे १ चं हे होतं. सगळे हसले. मला विचाराल तर ही गुणी चूक, पहिल्याच पानावर ओरडून सांगते. मी कन्व्हर्टर लिहिला, चार बाइटचा प्रत्येक आकडा उलटा करणारा. शनिवारी रात्री फाइलींच्या कॉप्या त्यातून काढल्या, रविवारी स्टॉकची बेरीज जुन्या रिपोर्टशी लावली. किलोला किलो जुळली.

मी म्हटलं, एक महिनाअखेर दोन्ही मशिनांवर काढू. साहेब म्हणाले, "टॅली झालंय ना? दोन-दोन मशिनांचं लाइटबिल कोण भरणार?" सोमवारी सकाळी तुर्भ्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला, पाच हजार मोजले आणि मशीन घेऊन गेला. टेप ड्राइव्ह मशीनच्याच पोटात. बॅकअपच्या टेपा मात्र माझ्या कपाटात, तारखा टाकून, अगदी व्यवस्थित!

रात्री साडेनऊला गेटवरून फोन. धो धो पाऊस, काट्यावर भरलेला ट्रक, मागे आणखी सहा-सात. शनिवारी आत आलेल्या गाडीचा नंबर टाकला की सिस्टिम म्हणे, अशी गाडी आत आलेलीच नाही. मग रिकाम्या गाडीचं वजन मिळेना, गेटपास निघेना. वॉचमनकाकांनी शनिवारच्या आवक गाड्यांची यादी छापून ठेवली होती. भिजलेला कागद पुढे करून त्यांनी बोट ठेवलं, "साहेब, ही कुठल्या राज्यातली गाडी?"

नंबर सुरू होत होता ३४एचएम पासून.

गाडी इथलीच, एमएच४३. हेडर फाइलीत, म्हणजे नोंदींच्या आराखड्यात, गाडीच्या नंबराच्या चार बाइटांचा प्रकार आकडा असा लिहिलेला, कारण कंपनीच्या स्वतःच्या गाड्यांना १, २, ३ असे नंबर होते. बाहेरची गाडी आली की काट्याचा प्रोग्राम त्याच चार बाइटांत नंबरातली पहिली चार अक्षरं कोंबायचा. चार बाइट वाचवले होते भल्या माणसाने. अक्षरं कुठल्याही प्रोसेसरवर लिहिली तशीच राहतात. माझ्या कन्व्हर्टरने त्यांना आकडा समजून उलटं केलं. वजनं खरोखरचे आकडे होते, म्हणून बेरीज बिनबोभाट जुळली.

परत उलटायचं, त्यात काय, असं म्हणाल. पण सोमवारच्या नोंदी त्याच फाइलीत सरळ लिहिल्या गेल्या होत्या. म्हणून नियम केला: पहिली दोन अक्षरं अंक असतील तर उलट. महाराष्ट्र आणि गुजरातच्या गाड्या सुधारल्या. दिल्लीची डीएल१एल उलटी होऊन एल१एलडी झाली होती, ती चाळणीतून निसटली. रात्री दोन वाजता माझाच माझ्या फाइलीवरचा विश्वास उडाला. आता मूळ फाइल हवी होती, आणि ती तुर्भ्याला होती.

मंगळवारी सकाळी लोकलने तुर्भे. भंगारवाल्याने एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. माझा चेहरा बघूनच त्याने भाव केला असणार, अकरा हजार. खिशातून दिले. ऑफिसात आणून चालू केलं, डिस्कवर शनिवारची फाइल जशीच्या तशी. टेपा लावाव्याही लागल्या नाहीत. दुपारी चारपर्यंत गाड्या सुटल्या. व्हाउचर टाकलं तर अकाउंट्समधून परत आलं, भंगार विकायचं सदर आहे, विकत घ्यायचं नाही. कन्व्हर्टर माझा, चूक माझी, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. मशीन विकणं माझं नव्हतं.

हे एकट्या आमच्याकडचं नाही. आयबीएमने १९९५ मध्ये एएस/४०० या आपल्या बिझनेस कम्प्युटरला ४८ बिटांच्या जुन्या प्रोसेसरवरून ६४ बिटांच्या पॉवरपीसीवर नेलं. प्रत्येक प्रोग्रामसोबत त्याचं प्रोसेसरशी न बांधलेलं रूप साठवलेलं असायचं, त्यातून नव्या मशीनवर आपोआप भाषांतर व्हायचं, सोर्सचीही गरज नाही. अडकले कोण? ज्यांनी डिस्कवर जागा वाचवायला तो भाग पुसून टाकला होता ते. आता लाइटबिलाचं सांगा मला.

तुमच्या आर्मचं. बाइटांचा क्रम दोन्हीकडे सारखाच, म्हणजे ३४एचएम तुमच्याकडे होणार नाही. आर्मच्या लिनक्सवर सीमधला साधा कॅरॅक्टर, म्हणजे एका अक्षराचा प्रकार, उणे होत नाही, इंटेलवर होतो. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारचं उत्तर कॅरॅक्टरमध्ये घेऊन 'संपलं' सांगणाऱ्या उणे १ शी तुलना करणारं जुनं लूप तिथे कधी संपतच नाही. त्याहून वाईट थ्रेडचं, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचं. एका थ्रेडने आधी केलेलं लिखाण दुसऱ्याला आधीच दिसेल याची हमी इंटेल बरीच देतं, आर्म देत नाही. लॉक न लावता इतकी वर्षं नशिबाने चाललेला कोड तिथे आठवड्यातून एकदा, तेही लोड असताना, चुकतो. ॲपलने २०२० मध्ये मॅकमध्ये स्वतःच्या आर्म चिपा आणल्या तेव्हा इंटेलचे प्रोग्राम चालवण्यासाठी त्यांत इंटेलसारखा क्रम पाळायची सोय हार्डवेअरमध्येच ठेवली. तुमच्या नव्या आर्म सर्व्हरवर ती मिळेल असं धरू नका. आणि सोर्स सगळा हाताशी आहे म्हणता, तर एकदा लिंक होणाऱ्या, म्हणजे प्रोग्रामला जोडल्या जाणाऱ्या, फाइलींची यादी काढा. कुठल्यातरी बंद पडलेल्या व्हेंडरची एक बिनसोर्सची लायब्ररी त्यात निघतेच.

दिवस किती? रीकम्पाइलला चार धरा. पुढे एक पूर्ण महिनाअखेर दोन्हीकडे काढा, आणि नुसती बेरीज लावू नका, ओळीला ओळ लावा. भाड्याच्या सर्व्हरचं महिन्याचं बिल आणि माझे अकरा हजार शेजारी-शेजारी लिहून साहेबांना दाखवा.

आणि हो, तुमचं सगळं जावात असेल आणि कुठेही सीची लायब्ररी जोडलेली नसेल, तर वरचं निम्मं तुम्हाला लागूच नाही. हे मी आधी विचारायला हवं होतं.